चार शब्दांची शिदोरी

पुण्याच्या एका वाचक भगिनींचे पत्र गेल्या महिन्यात आमच्याकडे आले. त्यांची कन्या, वय वर्षे तेवीस, पाठीवर एक पडशी टाकून एकटीच मेक्सिको देशी दोन महिन्यांच्या प्रवासास निघणार आहे. रजा मिळाली आहे, विमानाचे तिकीटही काढून झाले आहे. तेव्हा जावे की न जावे हा प्रश्न खरे पाहता उरलेलाच नाही. तरीही मातोश्री लिहितात, "एकटीने जाण्याबद्दल माझे फारसे म्हणणे नाही, मुंबईत ती एकटीच राहते. परंतु स्पॅनिश भाषेतील चार शब्दांपलीकडे तिला काही येत नाही. ज्या देशात आपले म्हणणे कोणाला कळावयाचे नाही आणि कोणाचे म्हणणे आपल्याला कळावयाचे नाही, तेथे मुलीने पाऊल तरी कसे टाकावे? वर्षभर भाषा शिकून मग जा, असे मी म्हणते. तिकडे गेले की येईल, असे ती म्हणते. आपण कोणाच्या बाजूचे?"

आम्ही कन्येच्या बाजूचे, हे आधीच सांगून टाकतो. काही वर्षांपूर्वी आम्हीही अशाच तुटपुंज्या भांडवलावर त्या देशात एकट्याने हिंडून आलो आहोत. तथापि "तिकडे गेले की येईल" हे कन्येला वाटते तितके सोपे नाही. आणि मातोश्रींना ज्या गोष्टीची भीती वाटते ती सोडून भलतीच गोष्ट पहिल्या आठवड्यात माणसाला ग्रासते. म्हणून हे उत्तर थोडे विस्ताराने लिहीत आहोत.

आपल्यासारख्या घरांतून बोलण्याला केवढा मान असतो, हे वाचकांस सांगावयास नको. मूल बोलू लागले की त्याच्याकडून श्लोक पाठ करून घ्यावयाचे, शब्द चुकला की तेथल्या तेथे सुधारावयाचा, वक्तृत्वाच्या स्पर्धेत उभे करावयाचे. पुढे पोटही बहुधा बोलण्यावर किंवा लिहिण्यावरच भरते. अशा माणसाला परमुलखात उतरल्यावर एकाएकी दोन वर्षांच्या बालकाची भाषा उरते : पाणी, भूक, किती, कोठे. त्याची पदवी, त्याचा विनोद, त्याची बहुश्रुतता, सारे काही विमानतळावर जप्त झाल्यासारखे होते. पहिला दिवस नवलाईत जातो, दुसरा थकव्यात जातो आणि तिसऱ्या दिवशी मुकेपणा अंगावर येतो. मग तो बोट दाखवून वस्तू घेतो, ज्या उपाहारगृहात इंग्रजी पत्रक असेल तेथेच जेवतो आणि संध्याकाळी खोलीत बसून घरच्यांशी मराठीत तासन्‌तास बोलतो. देश खिडकीबाहेरच राहतो.

आणि वर्षभर वर्गात भाषा शिकून गेलेल्यालाही हा मुकेपणा चुकत नाही, उलट कित्येकदा अधिकच जडतो. त्याला आपली चूक ओठांवर येण्यापूर्वीच दिसते. क्रियापदाचे योग्य रूप तो मनात जुळवीत असतो, तोवर बस निघून गेलेली असते. चार शब्दवाली मुलगी मात्र चारही शब्द फेकून मोकळी होते. मातोश्रींच्या सूचनेस आमचा विरोध आहे तो यासाठी. भाषा शिकण्यास विरोध आहे असे नव्हे. निघावयास जितके आठवडे असतील तितके आठवडे रोज अर्धा तास अवश्य द्यावा. पण तो कशाला द्यावा, हे सांगण्याआधी काही रोकडी माहिती देतो.

मेक्सिको शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २२४० मीटर उंचीवर आहे. आपले महाबळेश्वर सुमारे १३५० मीटर. तेव्हा पहिले दोन दिवस जिना चढताना धाप लागली तर घाबरू नये. सावकाश चालावे, पाणी भरपूर प्यावे. पाणी नळाचे नको, बाटलीचे किंवा गाळून शुद्ध केलेले. विमानतळावर अधिकृत टॅक्सीचे गाळे आहेत; तेथे आधी पैसे भरून चिठ्ठी घ्यावी, म्हणजे मध्यरात्री अनोळखी माणसाशी भाड्याची घासाघीस करण्याचा प्रसंग येत नाही. पहिल्या दोन रात्रींचा निवारा घरूनच ठरवून ठेवावा. मदतीसाठी फोनचा आकडा ९११. प्रवेशपरवान्याचे नियम वरचेवर बदलतात; ते त्या देशाच्या वकिलातीकडूनच समजून घ्यावेत, शेजाऱ्याच्या भाच्याकडून नव्हे. दुकानांतील पाट्यांवर किमतीपुढे डॉलरचे चिन्ह दिसते, ते पाहून छातीत धस्स होते. परंतु ते चिन्ह तेथे पेसो या नाण्याचे आहे. घरच्यांनी ध्यानात ठेवावे की मेक्सिको शहराचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे आहे. तिकडे सकाळचे ७ वाजले की इकडे संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात.

आता भाषेविषयी. आपली सुशिक्षित मुले स्पॅनिशकडे इंग्रजीच्या दारातून जातात, आणि तेथेच त्यांची वाट लांबते. मराठीचे दार अधिक जवळ आहे. उच्चारांपासूनच पाहा. स्पॅनिशमधील त आणि द आपल्यासारखेच दातांवर जीभ टेकवून होतात. प, त, क यांत इंग्रजीसारखा हकार मिसळत नाही. इंग्रज ज्याला 'टॅको' म्हणतो तो पदार्थ तेथे स्वच्छ 'ताको' आहे. 'मान्याना' (म्हणजे उद्या) यातील अक्षर म्हणजे आपला ञ. आ, ए, इ, ओ, उ हे पाच स्वर जसे लिहिले तसेच उच्चारले जातात. मोठ्या कष्टाने इंग्रजी उच्चार शिकलेल्या मराठी जिभेला येथे ते विसरावयाचे आहेत, एवढेच. लक्षात ठेवावयाच्या गोष्टी थोड्याच : आरंभीचा ह मुका असतो, म्हणून 'हॉटेल'चे 'ओतेल' होते, आणि रोमन लिपीतील जे अक्षर आपण ज असे वाचतो ते तेथे घशातून येणाऱ्या ह सारखे म्हणावयाचे.

वाक्यरचनेतही असेच नवल आहे. इंग्रजीत 'मी आंबा आवडवतो' अशा धाटणीचे वाक्य होते. स्पॅनिशमध्ये 'मे गुस्ता एल मांगो', म्हणजे शब्दशः 'मला आवडतो आंबा'. आंबे अनेक असले की 'मे गुस्तान लोस मांगोस', मला आवडतात आंबे. क्रियापद आंब्याच्या मागे जाते, खाणाऱ्याच्या नव्हे. इंग्रजीभाषकाला हे आत्मसात करावयास कित्येक दिवस लागतात, मराठी मुलाला ते सांगावेही लागत नाही. आपल्यासारखीच तेथे निर्जीव वस्तूंनाही लिंगे आहेत. 'तू' ला तर 'तू'च म्हणतात! वडीलधाऱ्यांसाठी व परक्यांसाठी 'उस्तेद' असे आदरार्थी सर्वनाम आहे. इंग्रजीच्या सवयीने हा भेद विसरू नये. बाजारातील म्हातारीला 'उस्तेद' म्हटले की तिची मुद्रा बदलते. नवा तो 'नुएवो', नऊ ते 'नुएवे', दात तो 'दिएन्ते', देव तो 'दिओस'. संस्कृत व लॅटिन यांचे जुने नाते येथे हाताशी येते. शिवाय गोव्याच्या पोर्तुगीजांनी आपल्या भाषेत काही शब्द सोडले आहेत आणि पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण. 'पगार' हा शब्द आपण दर महिन्यास उच्चारतो. तेथे 'पगार' म्हणजे पैसे देणे. चावी ती 'यावे' आणि साबण तो 'हाबोन', थोडा वेषांतर केलेला.

म्हणून रोजचा अर्धा तास प्रथम आकड्यांना द्यावा. शंभरपर्यंतचे आकडे ऐकून ओळखता आले पाहिजेत; म्हणता येणे पुरेसे नाही. आपल्या मराठीत एकूणसत्तर, सत्तर, एकाहत्तर असे प्रत्येक आकड्याचे वेगळे नखरे आहेत. स्पॅनिशमध्ये तिसाच्या पुढे सारे 'तीस आणि एक, तीस आणि दोन' असे सरळ चालते. केवळ साठ आणि सत्तर, म्हणजे 'सेसेन्ता' आणि 'सेतेन्ता', यांत कान फसतो. तसाच एक फसवा शब्द विशेषतः मुलींसाठी सांगून ठेवतो. 'कान्सादा' म्हणजे दमलेली, आणि 'कासादा' म्हणजे लग्न झालेली. मधला अनुस्वार गळला तर ऐकणारा यजमानांची चौकशी करू लागेल. (दोन्ही शब्दांचा परस्परसंबंध वाचक भगिनींनी आपापल्या अनुभवावरून ठरवावा.)

आकड्यांनंतर अन्न. ह्या बाबतीत आपल्या घरांतील मुलांची जी फजिती होते ती टाळण्याजोगी आहे. 'कार्ने' म्हणजे मांस असे कोश सांगतो. परंतु व्यवहारात त्याचा अर्थ बहुधा गाईचे वा डुकराचे मांस इतकाच घेतला जातो. 'सिन कार्ने', मांसाशिवाय, असे म्हटले की समोरचा आनंदाने मान डोलावतो आणि कोंबडी आणून ठेवतो. तेव्हा यादी पाठच करावी : 'नो कोमो कार्ने, नि पोयो, नि पेस्कादो', म्हणजे मांस नाही, कोंबडी नाही, मासळीही नाही. अंडे वर्ज्य असेल तर 'नि उएवो' असे शेपूट जोडावे. आणि यानंतरचा प्रश्न अधिक महत्त्वाचा : 'येबा मान्तेका?' मान्तेका म्हणजे मेक्सिकोत डुकराची चरबी. घेवड्याच्या उसळीत, तामाल नावाच्या उकडलेल्या मक्याच्या पदार्थात ती बहुधा असतेच, आणि भातात कोंबडीचे पाणी. हे न विचारता 'शाकाहारी आहे ना?' एवढेच विचारणाऱ्याला 'सि' असे प्रामाणिक उत्तर मिळते आणि तो फसतो. यात सांगणाऱ्याचा अपराध काही नाही.

मेक्सिकोत 'फोन्दा' म्हणून छोट्या भोजनगृहांची पद्धत आहे. आपली जुनी खानावळच म्हणा. दुपारी एकपासून तीनचारपर्यंत ठरलेले जेवण असते : आधी सूप, मग भात, मग मुख्य पदार्थ, सोबत चिंचेचे किंवा अंबाडीच्या लाल फुलांचे सरबत. आम्ही ज्या घरी उतरलो होतो त्याच्या कोपऱ्यावरच अशी एक फोन्दा होती. पहिल्या दिवशी बाईंनी आमची निषेधांची यादी शांतपणे ऐकून घेतली आणि विचारले, बरे, मग हॅम? नाही. मग ट्यूना मासा? नाही. शेवटी त्यांनी आमच्याकडे दयार्द्र दृष्टीने पाहिले आणि आत जाऊन निवडुंगाची भाजी, तेलात परतलेला घेवडा आणि तव्यावरून उतरलेल्या गरम तोर्तियांची चवड आणून ठेवली. हा निवडुंग म्हणजे 'नोपाल'. काटे काढून त्याची पाने चिरतात, भेंडीसारखा थोडा तार असतो. तोर्तिया ही आपल्या भाकरीची धाकटी बहीण. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून व भिजवून मग वाटतात. त्या चुन्याने दाण्याची साल सुटते आणि मक्यातील पोषक द्रव्य अंगी लागते. पूर्वी हे वाटण ज्या दगडावर होई, तो 'मेताते' पाहिला तर कोणीही मराठी माणूस त्याला पाटा म्हणेल.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच वेळी तेथेच गेलो. तिसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी आम्हाला दारातून येताना पाहून बाईंनी आत हाक दिली, "सिन मान्तेका!" चरबीशिवाय हेच आमचे नाव झाले होते. चौथ्या दिवशी त्यांनी आमचे एक क्रियापद सुधारले, आणि ते वाक्य पुन्हा म्हणवून घेतल्यावाचून ताट दिले नाही. मुकेपणावर आम्हाला जो उपाय गवसला तो हाच. नवनवी ठिकाणे पाहण्याच्या हव्यासाने पुष्कळ तरुण मंडळी तो गमावतात. पहिला आठवडा एकाच गावात काढावा, एकाच दुकानात, शक्य तर एकाच वेळी जावे. पाहावयाची स्थळे कोठे पळून जात नाहीत.

सौजन्याचे शब्द कोशातील अर्थावरून शिकू नयेत, प्रसंगावरून शिकावेत. जेवणाऱ्या अनोळखी माणसाच्या जवळून जाताना मेक्सिकोत 'प्रोवेचो' म्हणण्याची रीत आहे; आपण पंक्तीत 'सावकाश होऊ द्या' म्हणतो तेच हे. बोललेले कळले नाही की 'मांदे?' म्हणतात, शब्दशः 'आज्ञा करा'. काही नव्या विचारांच्या लोकांना त्यात दास्याचा वास येतो, पण ऐकावयास तो गोड लागतो. 'आओरीता' याचा अर्थ कोश 'आत्ताच' असा देईल. तो खरा धरू नये. आपण 'आलोच' म्हणून गेलेल्या माणसाची जितकी वाट पाहतो तितकी पाहण्याची तयारी ठेवावी. आणि 'मास देस्पासियो, पोर फावोर', अधिक सावकाश बोला, हे वाक्य तर पहिल्या दिवशी शंभर वेळा लागते.

आता फोनमध्ये भाषांतराची सोय असताना हा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. औषधाच्या दुकानात, पोलीस चौकीत, प्रकृती बिघडली असता ही सोय मोठ्या उपकाराची आहे. ती कन्येने जवळ ठेवावी, आणि जाळे नसतानाही चालेल अशी भाषा आधीच उतरवून घ्यावी. परंतु भाजी घेताना तिचा उपयोग करू नये. दोन माणसे एकमेकांकडे पाहण्याऐवजी त्या काचेकडे पाहू लागतात, आणि काम झाले की ओळख न होताच दोघे निघून जातात.

अक्षर न वाचता येणाऱ्याची सोय त्या शहराने फार पूर्वीच केली आहे. तेथील भुयारी रेल्वे १९६९ साली सुरू झाली, तेव्हा पुष्कळ प्रवाशांना वाचता येत नसे. म्हणून लान्स वायमन या रेखनकाराने प्रत्येक स्थानकास एकेक चित्र नेमून दिले. चापुल्तेपेक स्थानकाचे चिन्ह नाकतोडा. कारण तेथील मूळच्या नावातल भाषेत त्या नावाचा अर्थच नाकतोड्याची टेकडी असा आहे. पहिल्या दिवशी आम्ही नाकतोडा ते अमुक असाच प्रवास करीत होतो. गर्दीच्या वेळी पुढील डबे स्त्रिया व मुले यांच्यासाठी राखून ठेवतात. मुंबईच्या लोकलने जाणाऱ्या मुलीस हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. रात्री उशिरा मात्र एकटीने पायी हिंडू नये, आणि त्या दिवसाच्या खर्चापुरतेच पैसे खिशात ठेवावेत.

त्या देशात आपल्या मंडळींपैकी कोणी पूर्वी गेलेच नाही, असेही नाही. वर्ध्याकडचे पांडुरंग सदाशिव खानखोजे हे क्रांतिकारक देशोदेशी भटकून १९२४ साली मेक्सिकोत पोहोचले, चापिंगो येथील कृषिविद्यालयात प्राध्यापक झाले आणि मक्याच्या वाणांवर त्यांनी संशोधन केले. शेतकऱ्यांच्या मुलांसाठी मोफत शाळा काढण्यात त्यांचा पुढाकार होता. दिएगो रिव्हेरा या विख्यात चित्रकाराने शिक्षणखात्याच्या इमारतीतील एका भित्तिचित्रात त्यांची आकृती घातली आहे. कन्येने ते चित्र पाहून यावे.

आठवडा झाला की मग वाहाकाला निघावे. बस सान लासारो स्थानकाजवळच्या मोठ्या आगारातून सुटते आणि साधारण सहासात तासांत पोहोचते. ज्याच्या नावाचा विमानतळ आपण उतरलो तेव्हा पाहिला तो बेनितो हुआरेस याच डोंगराळ मुलखातला. १८०६ साली गेलाताओ नावाच्या खेड्यात सापोतेक जमातीत त्याचा जन्म झाला; आईबाप लहानपणीच वारले, चुलत्याने वाढविले. घरात भाषा सापोतेक. स्पॅनिशचा गंध नाही. चुलत्याला थोडे स्पॅनिश येई, तेवढे तो शिकवी. आणि धडा चुकलो तर मारा, म्हणून पोर स्वतःच चाबूक आणून त्याच्या हातात देई, असे हुआरेसने पुढे आपल्या मुलांसाठी लिहिलेल्या आठवणींत नमूद केले आहे. १८१८ च्या डिसेंबरात, बाराव्या वर्षी, हा मुलगा घरातून पळून डोंगर उतरून वाहाका शहरात आला. त्याची बहीण तेथे एका कुटुंबात स्वयंपाकीण होती. तेथे राहून तो स्पॅनिश शिकला, वकील झाला, १८५८ पासून १८७२ साली मृत्यू येईपर्यंत देशाचा अध्यक्ष राहिला. आणि बहीण ज्या घरी राबत होती त्या घरच्या मुलीशीच पुढे त्याचा विवाह झाला.

वाहाकाच्या बाजारात ही गोष्ट मनात असावी. मेक्सिकोने २००३ सालच्या कायद्याने मूळच्या भाषांनाही स्पॅनिशच्या बरोबरीने राष्ट्रीय भाषा मानले आहे. सरकारी गणनेप्रमाणे अशा ६८ भाषा आहेत. वाहाकाच्या आसपासच्या खेड्यांतून टोपल्या घेऊन येणाऱ्या कितीतरी बायकांची मातृभाषा सापोतेक किंवा मिश्तेक असते, आणि स्पॅनिश ही त्यांचीही नंतर शिकलेली भाषा. टोपल्यांत लाल दिसणारे तिखटमीठ लावलेले जिन्नस पाहून हात पुढे करू नये. ते भाजलेले नाकतोडे असतात. त्लायुदा नावाची मोठी कुरकुरीत तोर्तिया मागवावी ती 'सिन आसिएन्तो', चरबीचा थर न लावता.

त्याच बाजारात 'आलेग्रिया' नावाच्या वड्या मिळतात. आलेग्रिया म्हणजे आनंद. हातात घेतली की ओळख पटते : ती राजगिऱ्याची वडी आहे, उपवासाची, गुळाच्या पाकातली. राजगिरा मूळचा त्याच भूखंडाचा. आस्तेक लोक त्याच्या पिठाच्या देवमूर्ती करीत. आम्ही ज्या आजीबाईंकडून वड्या घेतल्या त्या शेजारणीशी सापोतेकमध्ये बोलत होत्या आणि आमच्याशी स्पॅनिशमध्ये, शब्द शोधत, सावकाश. आम्ही सांगितले की आमच्या देशात हेच करतात, ज्या दिवशी जेवत नाहीत त्या दिवशी खातात. 'उपवास' हा शब्द आमच्याजवळ नव्हता. त्यांनी थोडा विचार केला, एक शब्द सुचविला, तो आम्हाला कळला नाही. त्यांनी आकाशाकडे हात जोडून दाखविले, आम्ही मान डोलावली. मग त्यांनी सात वड्या मोजल्या, पैसे सहाचे घेतले आणि सातवी कागदात वेगळी बांधून दिली.